विसरणं एकसारखं नसतं

दर वेळी मी पासबुक, हप्ते, व्याज यांवर बोलते. आज इतिहासाबद्दल बोलणार आहे. बी.ए.ला माझा इतिहासच होता, पण तिथं राजे आणि लढाया होत्या. आजचा इतिहास विसरण्याचा आहे. माणूस विसरायला लागला तर तो नेमकं काय विसरतोय आणि कशामुळे, हे ओळखायला जग कसं शिकलं, त्याची ही गोष्ट. पण सुरुवात आमच्या गटाच्या पेटीपासून करावी लागेल.

आमच्या गटात एक आक्का आहेत. त्यांना विचारूनच बोलतेय, पण नाव नको म्हणाल्या. वय ६७. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गट सुरू झाला तेव्हापासून पेटी त्यांच्याकडे. वही मी लिहायची, पण कुणाचा किती हप्ता राहिलाय ते आक्का तोंडपाठ सांगायच्या. त्यांचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही, तर चूक वहीत निघायची. दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं. पैसे मोजायला वेळ लागायला लागला. मधेच कुणी बोललं की पहिल्यापासून मोजायच्या. चहा टाकायला उठायच्या आणि चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहायच्या, आधी काय आणि मग काय ते सुचत नसल्यासारख्या. आणि एका बैठकीत पेटीत १४०० रुपये कमी निघाले.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. माघारी दोन तट पडले. एक म्हणायचा, वापरले असतील. दुसरा म्हणायचा, म्हातारी झाली, व्हायचंच. मी समन्वयक. मी काय केलं? ठरावाच्या वहीत ‘कोषाध्यक्ष बदलण्यात येत आहे’ असं लिहिलं आणि पेटी दुसरीकडे दिली. कारण लिहिलं नाही. आक्कांनी मुकाट्यानं अंगठा दिला.

तीन आठवड्यांनी त्यांच्या रानात भांगलायला गेले होते. बोलता बोलता मी म्हटलं, “आक्का, बेंदराच्या आदल्या दिवशी खताची गाडी आली होती बघा. तेव्हा तुम्ही पेटी उघडली होती का?” त्या थबकल्या. “आगं व्हय की! गाडीवाल्याला सुटं पायजे हुतं. पैसं काढलं, आन् त्यो सुटं नको म्हणाला, मग तांदळाच्या डब्यात ठिवलं न्हवं का!” घरी जाऊन डबा उघडला. चौदाशे रुपये तिथंच होते.

मला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ‘पैसे कुठं आहेत’ असं विचारलं तेव्हा आक्कांना काही आठवत नव्हतं. खताची गाडी म्हटल्यावर सगळं आठवलं. म्हणजे आठवण आत होतीच, फक्त हाताला लागत नव्हती. हे कसलं विसरणं? त्या प्रश्नाच्या मागं मी वाचत गेले, माहीतगारांना विचारत गेले, आणि पोचले ती थेट जर्मनीतल्या एका बाईपाशी.

त्या बाईचं नाव ऑगुस्टे डेटर. नवरा रेल्वेत कारकून. नोव्हेंबर १९०१ मध्ये त्यानं तिला फ्रँकफर्ट शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात आणलं. वय फक्त ५१. त्याआधी काही महिने ती बदलली होती. आधी नवऱ्यावर संशय घ्यायला लागली. मग स्वयंपाकात चुका व्हायला लागल्या. वस्तू उचलून भलतीकडे ठेवायची, लपवायची. हे वाचताना मला तांदळाचा डबा आठवला, खोटं कशाला बोलू.

तिथं अलॉइस अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिच्याशी झालेले सवालजवाब लिहून ठेवले. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? ऑगुस्टे. पेन्सिल, किल्ली, पैशाचं पाकीट अशा वस्तू दाखवल्या तर तिनं त्यांची नावं बरोबर सांगितली. पण थोड्या वेळानं ‘मी काय काय दाखवलं होतं’ असं विचारलं तर काहीच नाही. जेवणात ती फ्लॉवर आणि मांस खात होती. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तेवढा लिहिला आणि पुढचं विसरली. त्यातच ती एकदा म्हणाली की, मी स्वतःलाच हरवून बसलेय. तिला कळत होतं, हे मला सगळ्यात जड गेलं. आपण म्हणतो ना, ‘तिला कुठं काय कळतंय’. सुरुवातीला बऱ्याच जणींना पुरतं कळत असतं.

८ एप्रिल १९०६ ला ती गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याच्या पातळ चकत्या केल्या, चांदीच्या क्षाराचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते आणि पेशींच्या बाहेर कसले तरी डाग साठले होते. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे मांडलं. कुणी फारसं काही विचारलं नाही. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगुस्टेची मूळ फाइल मात्र हरवली, ती सापडली थेट १९९५ साली. नाव डॉक्टरचं राहिलं, बाईचं नाही. असो.

इथं एक अडचण लक्षात घ्या, पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. माणूस जिवंत असेपर्यंत डॉक्टरकडे फक्त प्रश्न होते. मेंदू दिसायचा तो माणूस गेल्यावर. प्रश्न आणि मेंदू यांची गाठ जिवंतपणी पडत नव्हती.

स्मरण मेंदूत नेमकं कुठं राहतं, याचा उलगडा झाला तो एका चुकीतून म्हणा हवं तर. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा तरुण होता. फिट येण्यानं बेजार झालेला. १९५३ साली, २७ वर्षांचा असताना, सर्जन स्कोव्हिल यांनी फिट थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा एक भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा गेला. आपल्या कानशिलाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, बोटाएवढा वळलेला असतो तो. फिट कमी झाल्या. पण हेन्रीला त्या दिवसापासून नवं काही लक्षात राहीना. नर्स खोलीबाहेर जाऊन परत आली की त्याला ती नवीच.

त्याला तपासायला कॅनडातल्या माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर या बाई यायच्या. त्यांनी त्याला एक गंमत करायला दिली. आरशात बघून चांदणीच्या रेघांवरून पेन्सिल फिरवायची. कुणालाही पहिल्यांदा जमत नाही, हात उलटाच जातो. हेन्रीचा हात तीन दिवसांत सफाईनं फिरायला लागला. आणि दर दिवशी तो म्हणायचा, मी हे कधी केलेलंच नाही. म्हणजे हात शिकला, पण शिकल्याची आठवण राहिली नाही. त्याचं बोलणं ठीक होतं, हुशारी शाबूत होती. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी त्याच्या विसरण्याबद्दल छापलं, आणि पुढं जगाला कळत गेलं की ‘डोकं’ ही एकच खोली नाही. आठवण साठवायची खोली वेगळी, हाताच्या सवयीची वेगळी, बोलण्याची वेगळी. घराची एक भिंत पडली म्हणजे सगळं घर पडलं असं नसतं. हेन्री ८२ वर्षांचा होऊन २००८ मध्ये गेला, तोवर पन्नासहून जास्त वर्षं डॉक्टर त्याच्याकडून शिकत राहिले.

याच सुमाराला, १९६२ मध्ये, माँट्रियलमध्येच क्राल नावाच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसांत दोन तऱ्हेचं विसरणं सांगितलं. सोप्या शब्दांत सांगते. पुतणीच्या लग्नाला गेलो होतो हे लक्षात आहे, पण नवरदेवाचं आडनाव आठवत नाही, आणि दोन दिवसांनी पाणी भरताना ते अचानक आठवतं. ही एक तऱ्हा. पुतणीच्या लग्नाला आपण गेलो होतो हेच पुसलं जातं, ही दुसरी. पहिली बहुतेक निरुपद्रवी, दुसरी काळजीची. आपल्या आज्या हे ओळखत नसतील असं मला वाटत नाही, पण कागदावर मांडलं त्या डॉक्टरांनी.

आता यंत्रांकडे येऊ. तुमच्यापैकी ज्या थोड्या मोठ्या आहेत त्यांना कर्ण्यासमोर कुत्रा बसलेल्या चित्राच्या तबकड्या आठवत असतील. एचएमव्ही. ती ज्या इंग्रजी कंपनीची, त्या ईएमआय कंपनीत गॉडफ्री हाउन्सफील्ड हे इंजिनिअर होते. डॉक्टर नव्हेत. क्ष-किरण चारी बाजूंनी फिरवून गणकयंत्राला हिशेब करायला लावला, तर डोकं न फोडता आतली चकती दिसेल, असं त्यांनी करून दाखवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या इस्पितळात एका बाईच्या मेंदूचं पहिलं चित्र निघालं. हाच आपला सीटी स्कॅन. पुढं क्ष-किरणांऐवजी मोठा चुंबक वापरणारा एमआरआय आला. त्यात हिप्पोकॅम्पस इतका स्वच्छ दिसायला लागला की तो मोजता येऊ लागला. जिवंत माणसाच्या कानशिलाआड काय आहे ते आता मोजून सांगता येत होतं.

प्रश्नांची बाजूही थांबली नव्हती. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन, त्यांच्या पत्नी सुसान आणि मॅकह्यू यांनी दहा मिनिटांत घेता येईल अशी ३० गुणांची परीक्षा तयार केली. आज तारीख काय, आपण कुठं आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, १०० मधून ७ वजा करत जा, एक वाक्य लिहा. जगभर ती पसरली. तिच्यातली खोट नंतर सांगते, कारण ती आपल्याला भोवते.

अमेरिकेतल्या रोचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये रोनाल्ड पीटरसन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं माणसांच्या स्मरणाची नोंद ठेवत होते. त्यांना असे ७६ जण दिसले जे ना धड निरोगी, ना धड आजारी. वयाच्या मानानं स्मरण कमी, पण घर, पैसे, कपडे, बाजार सगळं स्वतः सांभाळतात. अशा अवस्थेला त्यांनी ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ हे नाव धरलं. डॉक्टर एमसीआय म्हणतात, आपण बुद्धीच्या कामातली सौम्य घट म्हणू. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की या लोकांपैकी दर वर्षी शंभरातले साधारण १२ जण पुढं डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजचं काम सुटण्याकडे जातात. निरोगी म्हाताऱ्यांत हाच आकडा एक-दोन. त्याच क्लिनिकमधून त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढं आली. या लोकांत ज्यांचा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये जास्त आक्रसलेला, ते पुढं जाण्याची शक्यता जास्त. प्रश्न आणि चित्र यांची गाठ जिवंतपणी पडली ती अशी.

पण गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. काही जण पुढं गेलेच नाहीत, काही तर परत ठीक झाले. आणि काहींचं स्मरण चांगलं होतं, घट दुसरीकडेच होती. कुणाचं लक्ष टिकत नव्हतं, कुणाला शब्द सापडत नव्हता, कुणाला वाट आणि अंतर कळत नव्हतं. २००३ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोमला जाणकार जमले आणि त्यांनी दोन प्रश्नांची चाळणी लावली. स्मरणात घट आहे की नाही? आणि घट एकाच कामात आहे की जास्त कामांत? दोन प्रश्नांतून चार खाने पडले. नुसती विसरणारी एक. विसरणारी आणि शिवाय हिशेब-बोलणं अडखळणारी दुसरी. आठवण शाबूत पण एखादंच दुसरं काम अडलेली तिसरी. आठवण बरी पण दोन-तीन कामं अडलेली चौथी. पहिल्या दोघींचा रस्ता अल्झायमरकडे जाण्याची शक्यता जास्त, उरलेल्या दोघींचा दुसऱ्या आजारांकडे. शक्यता म्हणतेय, खात्री नाही.

आता माझ्या खताच्या गाडीकडे येते. अमेरिकेत हर्मन बुश्के आणि एलेन ग्रोबर यांनी १९८७ च्या सुमाराला एक परीक्षा मांडली. सोळा चित्रं दाखवायची, पण नुसती नाही. ‘यातलं फळ कोणतं? अवजार कोणतं?’ असं विचारून प्रत्येक चित्र नीट मनात उतरलंय याची खात्री करायची. मग थोड्या वेळानं म्हणायचं, सांगा काय काय होतं. जी राहतील त्यांच्यासाठी इशारा द्यायचा, ‘एक फळ होतं बघा’. इथं माणसं दोन वाटांनी जातात. एकीला इशारा मिळाला की लगेच आठवतं. कोठारात धान्य आहे, कडी निघत नव्हती. दुसरीला इशाऱ्यानंही काही येत नाही, किंवा भलतंच फळ सांगते. कोठारात धान्य गेलंच नाही. दुसरी तऱ्हा हिप्पोकॅम्पस बिघडल्याची, म्हणून अल्झायमरचा संशय वाढवणारी. पहिली तऱ्हा बरेचदा मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या तारा कमजोर झाल्याची, किंवा मन खचल्याचीही असते. हा नियम दगडावरची रेघ नाही, डॉक्टर चार गोष्टी एकत्र बघूनच बोलतात. पण हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. रानात मी नकळत आक्कांची तीच परीक्षा घेतली होती!

चित्रंही आता तऱ्हेतऱ्हेची निघतात. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस बारीक झालेला दिसला तर एक संशय. हिप्पोकॅम्पस बरा, पण आतल्या भागात पांढरे ठिपके विखुरलेले, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याच्या खुणा, तर दुसरा संशय. रक्तवाहिन्यांमुळं बुद्धी घटते ही गोष्ट हाचिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी १९७४ पासून लावून धरली होती. त्याआधी ‘म्हातारपणी नसा कडक होतात’ एवढ्यावर सगळं ढकलायचे. पेट नावाच्या स्कॅनमध्ये मेंदूचा कुठला भाग साखर कमी जाळतोय ते दिसतं. चूल कुठली मंद झालीय ते बघावं तसं. अल्झायमरमध्ये मागच्या आणि बाजूच्या चुली आधी मंद होतात, दुसऱ्या एका आजारात पुढच्या.

आणि २००२ मध्ये अल्झायमरना सूक्ष्मदर्शकाखाली जे डाग दिसले होते, ते जिवंत माणसात दिसले. पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी त्या डागांना चिकटणारं एक द्रव्य तयार केलं होतं. स्वीडनमधल्या उप्साला गावी ते पहिल्यांदा माणसाला टोचलं आणि स्कॅनमध्ये डाग उजळले. ऑगुस्टे गेल्याला तोवर ९६ वर्षं होत आली होती.

मग आता चित्र काढलं की झालं का? नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ख्रिस्ती मठातल्या जोगिणींचा अभ्यास केला. एकूण ६७८ जणी. त्यांनी दर वर्षी परीक्षा दिल्या आणि मेल्यावर मेंदू दान केला. त्यांतल्या एक सिस्टर मेरी १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत परीक्षेत चांगले गुण. मेंदू बघितला तर डाग आणि गुंते भरपूर! नुसत्या चित्रावरून कुणी सांगितलं असतं की ही बाई पार विसरलेली असणार. म्हणून परीक्षा आणि चित्र दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं असतं, पेटीतली रोकड आणि वही जुळवतो तसं. एकटी वही खोटी पडते, एकटी रोकडही.

आता परीक्षेतली खोट. आक्कांना घेऊन मी आणि त्यांची सून आधी एका दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर, घाईत. तारीख विचारली. आक्का म्हणाल्या, “तारीख न्हाय ठाव. आज अष्टमी.” शंभरातून सात वजा करा म्हणाले. आक्कांचा हिशेब विसाच्या हिशेबानं, कोड्यांनी चालतो, त्या गप्प बसल्या. वाक्य लिहा म्हणाले. मी म्हटलं, त्यांना लिहिता येत नाही. तिथं शून्य. चित्राची नक्कल करा म्हणून पेन दिलं. आक्कांनी पेन आयुष्यात पहिल्यांदा धरलं होतं, ते कसं धरायचं ते मला विचारलं. कागदावर गुण कमी आले आणि वर लिहिलं, डिमेन्शिया. घरी येताना एसटीत आक्का म्हणाल्या, “पोरी, मी शाळंत गेले न्हाई त्याची शिक्षा आत्ता व्हय?”

मला उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की हा प्रश्न आधीच कुणाला तरी पडला होता, आणि आपल्याच देशात. हरियाणात बल्लभगड नावाचा भाग आहे. १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांची तपासणी केली. त्यांतले बहुतेक निरक्षर. फोल्स्टीनची परीक्षा जशीच्या तशी लावली असती तर अर्ध गाव आजारी ठरलं असतं. म्हणून त्यांनी ती बदलली. उलट्या क्रमानं अक्षरं सांगायच्या जागी आठवड्याचे वार उलटे सांगा. ‘डोळे मिटा’ हे वाचून करायच्या जागी, माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहायच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. प्रश्न मोजतोय ती गोष्ट तीच, फक्त वाटेतली शाळा काढून टाकली. हिंदीतली ही परीक्षा १९९५ मध्ये छापून आली. पुढं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत शिकलेल्या आणि न शिकलेल्या दोघांसाठी परीक्षांचा संच करवून घेतला. त्या पाचांत मराठी नव्हती, हे मला खटकलं.

हे आपलं कशाला? २०२३ मध्ये छापलेल्या देशभरच्या पाहणीचा अंदाज असा की साठीपुढच्या शंभर माणसांत ७.४ जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यांत जास्त. खेड्यातली बाई म्हणजे कोण, ते मी सांगायला नको. आणि हीच बाई परीक्षेत शाळेमुळं मार खाणारी. जिला आजार नाही तिच्यावर शिक्का बसायचा, आणि जिला आहे तिला ‘वय झालं’ म्हणून घरीच बसवायचं, अशा दोन्हीकडून.

आक्कांना आम्ही दुसरीकडे नेलं. लांब पडलं, दिवस गेला, भाड्याचे पैसे गटातून अंतर्गत कर्ज म्हणून काढले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी सुनेला बाहेर बसवून तासभर विचारलं, की घरात काय काय बदललं, कधीपासून, हळूहळू की एकदम. मग आक्कांना चित्रं दाखवली, वार उलटे म्हणायला लावले, बाजारात काय काय मिळतं ते एका मिनिटात सांगा म्हणाल्या. चित्रं आठवताना आक्का अडल्या, इशारा दिला की आठवलं. वार उलटे म्हणताना मात्र घसरल्या, काम बदललं की गोंधळल्या. रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी-१२ बघितलं, कारण ते कमी असलं तरी डोकं मंद चालतं आणि ते औषधानं भरून येतं. ऐकू किती येतं ते बघितलं. मन खचलंय का तेही विचारलं. मग एमआरआय. कानशिलाआडचा भाग वयाच्या मानानं ठीक होता. आत पांढरे ठिपके होते, बरेच. आणि रक्तदाब १८० च्या वर. तो किती वर्षं तसाच होता देव जाणे, कारण आक्कांनी कधी दंडाला पट्टा बांधूच दिला नव्हता.

बाईंनी समजावलं ते असं. डिमेन्शिया नाही. सौम्य घट आहे, ती लक्ष देण्यात आणि कामाचा क्रम लावण्यात जास्त, साठवणीत कमी. बहुतेक बारीक रक्तवाहिन्यांमुळं. रक्तदाबाची गोळी रोज, मीठ कमी, चालणं, आणि वर्षानं परत परीक्षा. गेलेलं परत येईल असं नाही, पण पुढचं सांभाळता येईल.

कुणाला असं दाखवायला न्यायचं असेल तर बरोबर काय न्यायचं ते सांगते, कारण आम्ही पहिल्यांदा काहीच नेलं नव्हतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेची आणि सर्दीचीसुद्धा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते. तिच्याबरोबर रोज राहणारं माणूस, मुंबईहून आलेला मुलगा नव्हे. आणि आधीच सांगून टाकायचं, ही शाळेत गेलेली नाही, हिला वाचता येत नाही. लाजू नका. ते सांगितल्यावर डॉक्टरला वेगळी परीक्षा घेता येते. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे वाक्य कुणी सांगतच नाही.

आक्कांची दुसरी परीक्षा या चैत्रात झाली. घट वाढलेली नाही. पेटी आता दुसऱ्या बाईकडे आहे, पण किल्ली आक्कांकडे, आणि पैसे दोघींनी मिळून मोजायचे. मोजताना मधे कुणी बोलायचं नाही, हा नियम गटानं केला. ठरावाच्या वहीतलं जुनं पान फाडता येत नाही, खोडताही येत नाही. म्हणून गेल्या बैठकीत नवा ठराव घेतला आणि आधीच्या ठरावात लिहायचं राहिलेलं कारण त्यात लिहिलं. पेटीची रक्कम पूर्ण सापडली होती, कोषाध्यक्षांनी कसलाही गैरव्यवहार केलेला नव्हता, समन्वयकानं चौकशी न करता घाई केली. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांनी सह्या केल्या. आक्का म्हणाल्या, “अंगठा न्हाई, आज मला सही शिकीव.” पहिलं अक्षर जमलंय. बाकीचं पुढच्या बैठकीत, येत्या बुधवारी.